गोष्टीतला रावसाहेब आणि आमचे आबासाहेब

आबासाहेबांइतका गर्विष्ठ माणूस मी खानदेशात दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे, मग आता माघारी म्हणायला माझं काय जातं? धुळ्याच्या शाळेत ते मराठी शिकवत आणि मी इतिहास. सोळा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्यातली निदान दहा वर्षं तरी मी त्यांच्यावर चिडलेलाच होतो. पण आज कुणी विचारलं, की बाबा रे, ज्याच्या शेजारी बसल्याचा तुला अभिमान वाटतो असा माणूस कोण, तर दुसरं नाव माझ्या तोंडात यायचं नाही. त्यांचं आडनाव मी सांगत नाही. घरची मंडळी अजून धुळ्यात आहेत आणि त्यांच्याकडे माझं जेवणखाण असतं.

उंच, सडसडीत, धारदार नाकाचा माणूस. डोक्याला लाल पागोटं, गळ्यात जरीकाठी उपरणं. टेबलाच्या खणात खडूच्या डबीखाली एक तळहाताएवढा आरसा ठेवलेला असे. तासाची घंटा झाली की खण उघडायचा, आरशात बघायचं, पागोटं बोटभर डावीकडे सरकवायचं, खण लावायचा आणि मग वर्गाकडे निघायचं. एकदा हेडमास्तरांनी तातडीने बोलावलं म्हणून शिपाई धावत आला. आबासाहेबांनी खण उघडला. शिपाई म्हणाला, "साहेब लई घाईत शेतस." आबासाहेब आरशातूनच म्हणाले, "घाई त्यांना आहे. पागोट्याला नाही."

शाळेचा ग्रुप फोटो काढला तेव्हाची गंमत. फोटो छापून आला, त्यात हेडमास्तरांचे डोळे मिटलेले, ड्रॉइंग मास्तर शिंकतायत आणि माझं निम्मं तोंड कुणाच्या तरी खांद्याआड गेलेलं. आम्ही सगळे म्हणालो, परत काढा. आबासाहेबांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "छान आलाय की!" त्यांचा एकट्याचा छान आला होता. शाळेच्या भिंतीवर तोच लागला.

पण पागोटं आणि फोटो ही वरवरची हौस. खरा गर्व होता भाषेचा. शुद्ध बोलणं आणि शुद्ध लिहिणं. न आणि ण, ल आणि ळ यांच्यासाठी हा माणूस भांडायला सदा तयार. लग्नाच्या पत्रिका छापण्याआधी लोक त्यांच्याकडे घेऊन येत, कारण छापल्यानंतर आणल्या तर ते पत्रिकेवर लाल शाईने खुणा करून आहेरासोबत परत देत. मी एकदा तापाने फणफणलो होतो. रजेचा अर्ज पाठवला तो संध्याकाळी माझ्याकडे परत आला. वर आबासाहेबांचा शेरा होता: 'आल्यामूळे' नव्हे, 'आल्यामुळे'. ताप उतरल्यावर दुरुस्त करावे. माझा ताप त्या शेऱ्याने आणखी चढला.

आग्रा रोडवर हस्तीमल शेठजींचं कापडाचं दुकान होतं. राजस्थानातून त्यांचे आजोबा आले आणि इथेच रुजले. त्यांनी नवी पाटी लावली, तिच्यावर रंगाऱ्याने लिहिलं होतं, 'येथे ऊंची कापड मीळेल'. आबासाहेब रस्त्यात थबकले. आत जाऊन म्हणाले, "शेठजी, दोन चुका आहेत." शेठजी गादीवरून हसून म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक कापड बघतं, काना-मात्रा कोण बघतं?" आबासाहेब म्हणाले, "मग मी गिऱ्हाईक नाही." आणि खरंच! त्या दिवसापासून हा माणूस धोतरजोडीसाठी चाळीसगावला गाडी बदलून जळगावला जाऊ लागला. पाच वर्षं. शेवटी शेठजींनीच पाटी उतरवली, रंगाऱ्याला शुद्ध मजकूर लिहून आणायला आबासाहेबांच्या घरी पाठवलं, आणि नव्या पाटीखाली पहिली धोतरजोडी त्यांच्या हातात ठेवली. आबासाहेबांनी ती घेतली आणि मजकुराचा कागद खिशातून काढून पाटीशी एकदा ताडून पाहिला.

आता हा एवढा शुद्धतेचा बडेजाव आला कुठून? लोक म्हणायचे, पुण्याकडचे आहेत. 'मी पुण्याचा' असं ते कधी म्हणाले नाहीत, उगाच खोटं कशाला बोला. पण 'आमच्या पुण्याला' म्हणायचे. ट्रेनिंगला दोन-तीन वर्षं तिथे राहिले होते, तेवढ्या भांडवलावर पुणं आमचं झालं. खरी गोष्ट अशी, की ते शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. आम्हा मास्तरांना हे ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही एवढाच शिष्टाचार आम्ही पाळत होतो.

आम्हाला कळलं ते त्यांच्या थोरल्या भावामुळे. बाजाराच्या दिवशी हा भाऊ बाजरीचं गाठोडं घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचा. मग दोघांचं जे बोलणं चाले, ते कान देऊन ऐकावं असं. भाऊ म्हणायचा, "माय तुनी लई याद करस रे." आबासाहेब म्हणायचे, "आईला माझा नमस्कार कळवावा." भाऊ म्हणायचा, "गावमा कवय येस?" आबासाहेब म्हणायचे, "सवड होताच येईन." सख्ख्या भावाशी! मला हसू यायचं, आणि पाठमोऱ्या भावाकडे पाहून वाईटही वाटायचं.

पण मी खराखुरा भडकलो तो गिरजाबाईंवरून.

गिरजाबाई भडगावच्या. लहान वयात कपाळ पांढरं झालं, भावाकडे राहायच्या. भावाच्या मुलांची पुस्तकं वाचून वाचून शिकल्या आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका व्हायचं म्हणून परीक्षेला बसल्या. लेखी उत्तम. मग निवड समितीपुढे नमुना पाठ द्यायचा असे: खऱ्या मुली समोर बसवायच्या आणि त्यांना शिकवून दाखवायचं. समितीत आबासाहेब भाषेचे परीक्षक, आणि टिपणं ठेवायला मी. बाई शिकवायला लागल्या की मुली अशा रंगून जायच्या, की काय सांगू! पण मध्येच त्यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघून जायचं. आमच्या खानदेशात घराघरात 'शे' आहे. पण आबासाहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ उत्तम. उच्चार ग्राम्य. नापास.' दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, शब्दाला शब्द. बाई जाताना त्यांना म्हणाल्या, "आबासाहेब, मी वर्षभर घोकत होते." ते म्हणाले, "आणखी घोका. 'शे' सोडा, नोकरी घ्या." पुढचं वर्ष बाईंचं शेवटचं होतं. त्यानंतर वय उलटत होतं. मग जन्मभर भावाची चूल फुंकायची.

त्या दिवशी मी आबासाहेबांशी कडाकडा भांडलो. "तुमच्या आईने तुम्हाला कुठल्या भाषेत जोजवलं हो?" एवढंसुद्धा बोलून गेलो. त्यांनी पागोटं नीट केलं आणि निघून गेले. माझा संताप कुठे जाणार? मी घरी येऊन एक गोष्ट लिहून काढली.

गोष्ट अशी. एक रावसाहेब असतात. त्यांना आपल्या पागोट्याचा भारी गर्व. साक्रीच्या बाजारात ते कुणाला तरी अक्कल शिकवत उभे असतात, तेवढ्यात मागून एक शेळी येते आणि पागोट्याचा लोंबता शेमला चघळायला लागते. ओढाताणीत सगळं पागोटं सुटतं. रावसाहेब एक टोक धरून, शेळी दुसरं टोक धरून, आणि अख्खा बाजार हसतोय. रावसाहेब बोडक्या डोक्याने घरी येतात, सगळ्यांना हात जोडतात आणि त्या दिवसापासून अगदी नम्र होऊन जातात. संपली गोष्ट.

रविवारी वाचनालयात आम्ही काही मंडळी जमून आपापलं लिखाण वाचत असू. तिथे मी ती वाचली. आबासाहेब पहिल्या रांगेत. पागोटं आलं तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं, शेळी आली तेव्हा लोक हसून हसून खाली वाकले, आणि मग एकेकाला भान आलं. सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले. लिहिताना जोर असतो, वाचून झाल्यावर कळतं आपण काय केलं ते.

आबासाहेब उठले. म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. शेळी उत्तम उतरली आहे. शुद्धलेखन वाचताना दिसत नाही, पण चुका असणारच. मात्र एक चूक ऐकूनही कळते. शेवट खोटा आहे."

"खोटा कसा?" मी अडखळत विचारलं.

"असा माणूस बदलत नाही."

"अद्दल घडल्यावर बदलतो!"

"अद्दल घडल्यावर माणूस सावध होतो. बदलत नाही. मला विचारा, मी तीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहतोय." कुणीतरी खुदकन हसलं, पण ते थांबले नाहीत. "तुमचा रावसाहेब उद्या सकाळी उघड्या डोक्याने मुद्दाम बाजारातून हिंडेल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारेल, काय हो, मी किती साधा दिसतो! गर्व जात नसतो, मास्तर. जागा बदलतो."

आणि ते खाली बसले. अरे, एवढा अपमान गिळून वर त्याची समीक्षा करणारा माणूस! मला लाज वाटली, पण माझाही अहंकार काही कमी नव्हता. माणूस बदलतो, या माझ्या म्हणण्याला मी चिकटून राहिलो. पुढे वर्षभर मास्तरांच्या खोलीत चहाबरोबर हाच वाद. ते सरळ विचारायचे, "काय, बदलला का तुमचा रावसाहेब?" आणि मी म्हणायचो, "बदलेल. बघालच तुम्ही."

तिसऱ्या वर्षीचा नमुना पाठ. पुण्याहून एक इन्स्पेक्टरसाहेब आले होते. मुलींच्या शाळेतल्या पंधरा-वीस पोरी आणून बसवल्या होत्या. गिरजाबाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या ओठांवरून कळत होतं, की आतल्या आत 'आहे, आहे' चाललंय. पाठ सुरू झाला. विहिरीवरची एक साधी कविता होती. बाई एकेक शब्द पारखून बोलत होत्या. पहिल्या दोन वर्षांची ती रंगत नव्हती, पण चूक एकही नव्हती. मी मनात म्हटलं, चला, सुटल्या बाई.

तेवढ्यात काय झालं, पहिल्या रांगेतली एक लहानगी पोर फळ्याकडे यायला उठली, तिचा पाय परकरात अडकला आणि ती धाडकन पडली. कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं. पोरीने भोकाड पसरलं. गिरजाबाईंच्या हातातला खडू पडला. त्या धावल्या, पोरीला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "कोठे लागनं व माय तुले? रडू नको. मी शे ना! मी शे ना आठे!"

पोर हळूहळू थांबली. बाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि वर पाहिलं. मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. मी टिपणाच्या कागदात डोकं खुपसलं.

इन्स्पेक्टरसाहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. सहज हसले. आबासाहेबांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? बाकी सगळं ठीक होतं, पण ही भाषा शाळेत कशी चालायची? तुमच्यासारख्या पुण्याकडच्या माणसाच्या कानांना तर किती खुपलं असेल!"

हे वाक्य ऐकायला या माणसाने उभा जन्म घातला होता. पुण्याच्या साहेबाने, भर समितीत, आपण होऊन त्यांना पुण्याकडचं म्हटलं! फक्त मान हलवायची होती. आणि बाई भडगावच्या गाडीत बसल्या असत्या.

आबासाहेब उभे राहिले. दोनदा बोलायला गेले आणि दोनदा थांबले. मग म्हणाले, "साहेब, मी पुण्याकडना नही. मी शिंदखेडा तालुकाना शे."

इन्स्पेक्टरसाहेब बघतच राहिले. मीही.

"मना घरमा बठ्ठा असंच बोलतस," आबासाहेब सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होते. "मी रडू, तवय मनी माय माले असंच सांगे. मी शे ना. त्याना पुढे दुसरा शब्द नही, साहेब. 'मी आहे ना' सांगं असतं, तं ती पोर आते बी रडती." मग ते बसले आणि मराठीत म्हणाले, "उच्चाराच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहितो आहे. मागचे माझे दोन्ही शेरे चुकीचे होते, हेही टिपणात घ्या." हे माझ्याकडे बघून.

साहेबांनी थोडी कुरकूर केली. पण उच्चारांच्या बाबतीत आबासाहेबांनी दिलेला निकाल फिरवायची छाती साऱ्या इलाख्यात कुणाची होती? तीस वर्षं शुद्धपणाचा जो दबदबा कमावला होता, तो सगळा त्यांनी त्या एका रकान्यात ओतला. साहेबांनी सही केली. गिरजाबाई पास झाल्या. त्या आबासाहेबांच्या पाया पडायला वाकल्या, तर हे खेकसले, "आधी त्या पोरीच्या कपाळाला हळद लावा!"

परतताना माझे पाय जमिनीवर नव्हते. मी त्यांच्याबरोबर चालत होतो, आणि वाटत होतं की भेटेल त्याला थांबवून सांगावं, हे बघा, हे आमचे आबासाहेब! शेवटी न राहवून म्हणालो, "हरलात की नाही? माणूस बदलतो. बदललात तुम्ही."

"छे!" ते म्हणाले. "मी बोलत होतो ना, तेव्हा मनात काय चाललं होतं सांगू? 'बठ्ठा'मधला ठ साहेबांना नीट ऐकू जातोय की नाही! आपल्या आवाजाला शोभतोय की नाही! रावसाहेबच होता तो, मास्तर. पुरता रावसाहेब."

तो वाद तिथेच अर्धवट राहिला.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी रेंगाळलो. भाऊ गाठोडं घेऊन आला. आबासाहेब पुढे झाले, म्हणाले, "ये भाऊ, बस आठे. माय कशी शे?" भावाच्या हातातलं गाठोडं खाली आलं. तो घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघायला लागला. "काय व्हयनं रे तुले? तब्येत बरी शे ना?" मला हसूही फुटलं आणि रडूही. आबासाहेबांनी भावाचा हात कपाळावरून काढला नाही. तसाच राहू दिला.

आणि गर्व? गेला म्हणता? अजिबात नाही! तो आता दुसऱ्या अंगाने सुरू झाला. बाजारात, कचेरीत, कुणी शहरी मंडळी हौसेने खानदेशी बोलायला गेली, की आबासाहेब थांबवायचे. "'बठा' नाही, 'बठ्ठा'. सगळे म्हणायचंय ना? मग जोर द्या. घरातल्यांना निम्मं जेवायला घालता का?" जळगावच्या एका वकिलाला तर त्यांनी भर स्टेशनवर तीन वेळा म्हणायला लावलं आणि त्याची गाडी सुटली. आरसा खणात होताच. मी मात्र माझी गोष्ट काढली आणि तिचा शेवट खोडला. नवा लिहायला बसलो तो काही जमला नाही, आणि अजून जमलेला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी. आबासाहेब निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. गिरजाबाई तोवर शिंदखेड्याला मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस झाल्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना शाळा बघायला बोलावलं. वर्गात पोरी दाटीवाटीने बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आबासाहेब, दोन शब्द सांगा मुलींना."

आबासाहेब पुढे झाले. पोरींवरून नजर फिरवली, घसा साफ केला आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "पोरीहो, मी आज आठे आलो..."

"आलो नही, आबा," पहिल्या रांगेतून एक चिमुरडी ठणकावून बोलली. "उनू!"

वर्ग खदखदून हसला. गिरजाबाईंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. या माणसाची चूक काढायची हिंमत साऱ्या जिल्ह्यात कुणी केली नव्हती, आणि इथे एक वीतभर पोर बोट दाखवत होती. आबासाहेब तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "उभी ऱ्हाय. परत सांग."

पोर उभी राहिली. न घाबरता म्हणाली, "मी उनू."

"मी उनू," आबासाहेब म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "मी आठे उनू."

"आते बराबर," पोर म्हणाली आणि बसली.

आबासाहेबांनी खडू मागितला. फळ्याकडे वळले, हात उचलला आणि थांबले. मान मागे करून त्या पोरीला विचारलं, "ऱ्हस्व की दीर्घ?"

पोर गोंधळली. तिला काय ठाऊक! तो शब्द फळ्यावर कुणी कधी लिहिलाच नव्हता. तिने गिरजाबाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे, आणि मी आबासाहेबांकडे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिला. मोठा, ठळक, वळणदार. मग दोन पावलं मागे सरले, मान तिरपी केली आणि आपलंच अक्षर न्याहाळत कितीतरी वेळ उभे राहिले.